ओळंब्यात नसलेलं घर

त्सुकुबा, ५ जून २०११

ती. शेखरकाका,
सा. न.

मार्चपासून तुमची दोन पत्रं आली आणि मी एकाचंही उत्तर दिलं नाही, त्याबद्दल क्षमा मागते. फोनवर ‘आम्ही सुखरूप आहोत’ एवढं सांगितलं होतं, पण फोन म्हणजे उत्तर नव्हे, हे तुमचंच म्हणणं. वेळ नव्हता असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. वेळ होता, काय लिहावं ते कळत नव्हतं. आमची कपाटातली भांडी फुटली, नळाचं पाणी काही दिवस गेलं, आणि वर उत्तरेला समुद्राने गावंच्या गावं नेली. त्यानंतर स्वतःच्या कपबश्यांबद्दल लिहायला बसणं मला जमेना.

भूकंपानंतर आठवड्याभराने मी उरायासुला कल्पनाकडे गेले होते. तुम्हाला ती आठवत असेल, कॉलेजातली, नवरा बँकेत. समुद्र बुजवून केलेली जमीन ती. हादऱ्यांनी खालची वाळू पातळ झाली आणि चिखल होऊन रस्त्यावर आली. कल्पनाची इमारत बरी आहे, पण मागच्या गल्लीतली घरं ओळीने कलली आहेत. भिंतीला तडा नाही, काच फुटलेली नाही, नुसतं घर एका अंगावर गेलेलं. आत राहणाऱ्यांना मळमळतं, डोकं दुखतं. दोन दिवस तिथे चिखल उपसला. परत आले तरी मला कुठलीही उभी रेघ सरळ दिसेना.

आता तुमच्यासाठी राखून ठेवलेली गोष्ट. इथून उत्तरेला, डोंगराच्या पायथ्याशी, भाताच्या खाचरांच्या कडेला एक इंग्लिश पब आहे. इंग्लिश पद्धतीचा नव्हे, इंग्लंडातला. ‘द लेम हेरन’ नाव. तिथल्या एका खेड्यात तीनशेहून जास्त वर्षं उभा होता. रस्ता रुंद करताना जाणार होता, तेव्हा होशिनो नावाच्या इथल्या एका गृहस्थांनी सगळा ओकचा सांगाडा विकत घेतला, खांब-तुळयांवर क्रमांक घालून जहाजाने आणला आणि इथे पुन्हा उभा केला. तेव्हा जपानात पैसा उतू जात होता. आता ते गृहस्थ नाहीत. त्यांच्या पत्नी, सत्तरीच्या पुढच्या, एकट्या तो चालवायच्या आणि वरच्या मजल्यावर राहायच्या. तुम्ही इंग्लंडात बारा वर्षं असल्याच इमारतींना टेकू देत होतात, म्हणून सांगते: वरचा मजला खालच्यापेक्षा हातभर पुढे आलेला, खांबांच्या मधे कुडाच्या भिंती, आत माणूस बसेल एवढी मोठी चूल, आणि तुळया इतक्या खाली की मलाही मान वाकवावी लागली. दार तर विनोदीच. वरचा एक कोपरा तिरका तासलेला, चुकून कापलेल्या पावासारखा.

भूकंपात धुराड्याचं टोक पडलं आणि थोडी कौलं. पाहणी करणाऱ्या पथकाने पिवळा कागद लावला होता, म्हणजे ‘सांभाळून आत जा’. परदेशी बांधणीबद्दल त्यांना खात्री वाटेना, म्हणून नगरपालिकेने आमच्या लाकडी बांधकामाच्या संशोधन संस्थेला विचारलं आणि ओनोसाननी, म्हणजे माझ्या विभागप्रमुखांनी, मार्चअखेरीला मला पाठवलं. ओळंब्याची दोरी सोडली. खालच्या मजल्याच्या उंचीतच खांब चांगला वीतभर बाहेर. मी लाल कागद लावायला सांगितलं: आत जाऊ नये. होशिनोसान, म्हणजे त्या बाई, शेजारच्या शेतकऱ्याच्या मागच्या खोलीत राहायला गेल्या. वाईट वाटलं, पण त्या दिवसांत माझ्याकडून निदान एक तरी उपयोगी काम झालं, असंही वाटलं. असं वाटावं याची थोडी लाजही वाटली. ती इथे लिहून टाकते.

रेखाकाकूंच्या गुडघ्याचं कसं आहे?

तुमची,
विभा

*

पुणे, १८ जून २०११

चि. विभास,
अ. उ. आ.

दोन पत्रांना एक उत्तर, म्हणजे निम्मी सूट दिली. काकूचा गुडघा काकूचं ऐकत नाही. या घरात तिचं न ऐकणारा तो एकटाच. यतीन म्हणतो, बाबा, ई-मेल करा. मी म्हटलं, ई-मेल तू उघडणार, तू वाचणार आणि मला सारांश सांगणार. मला सारांश नको.

तुझा लंगडा बगळा मला फार आवडला. असल्या पबात मी आयुष्यातल्या पुष्कळ संध्याकाळी घालवल्या आहेत, दर वेळी कामासाठीच, असं तुझ्या काकूला सांगत आलो आहे. पण तू विनोद म्हणून जे लिहिलंस त्यावर मी अडकलो. दार.

भूकंप मार्चमध्ये झाला. तू मार्चअखेरीला गेलीस. मधल्या काळात दाराचा कोपरा कोणी तासला? सत्तरीची बाई, धुराडं पडलेलं, सगळ्या देशात धावपळ, आणि कोणीतरी रंधा घेऊन दार बसवत होतं? मला वाटतं ते दार तिथे, इंग्लंडात, फार पूर्वी कोणीतरी तासलं. म्हणजे तेव्हाच चौकट तिरकी होती.

तुम्ही लोक सुकलेल्या लाकडात काम करता. ते लोक ओक ओलाच वापरायचे. सुकला की तासता येत नाही, लोखंड होतो. ओल्या लाकडाचं घर बांधायचं, खुंट्या ठोकायच्या आणि राहायला जायचं. मग ते लाकूड पुढची पन्नास वर्षं सुकत, वळत, आपल्याला हवं तसं बसतं. बसलं की माणसं त्याच्या मापाने दारं-खिडक्या करतात. घर ओळंब्यात नसतं, पण स्वतःशी जुळलेलं असतं. आणि असा सांगाडा एकदा सुकला की खोलून कुठेही न्या, तो त्याच आकारात उभा राहतो. जपान्यांनी तो सरळ करायचा म्हटलं असतं तरी एक सांधा बसला नसता.

तेव्हा पुन्हा जा. खुंट्या बघ: सांधा हलला असेल तर खुंटीशेजारी ताजं, उजळ लाकूड उघडं पडतं. खांब आणि कुडाची भिंत यांच्यात फट आहे का बघ. खिडक्यांच्या बारक्या काचा शाबूत आहेत का? आणि बारचा ओटा. तो सपाट असणारच, नाहीतर पेला घसरेल. तर त्याच्याखाली पाचर आहे का, आणि ती नवी की काळी पडलेली, ते बघ.

मी चुकतही असेन. मी पुण्यात खुर्चीत बसून बोलतो आहे, तू तिथे उभी होतीस. पण त्या बाई घराबाहेर आहेत ना, म्हणून लवकर जा.

शेखरकाका

*

त्सुकुबा, ३ जुलै २०११

ती. शेखरकाका,
सा. न.

पत्र मिळालं. तुमचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे, पण काही गोष्टी तुमच्या ध्यानात आणून द्यायला हव्यात.

एक म्हणजे कल नवा की जुना हा प्रश्न पाहणीच्या नियमांत येत नाही. ठरावीक मर्यादेपलीकडे खांब कलला असेल तर धोका गृहीत धरतात. शिवाय इथे अजून हादरे येत आहेत. आधीपासून कललेली इमारत पुढच्या मोठ्या हादऱ्यात जास्त धोक्याची, असंही म्हणता येईल. आणि वरून धुराडं पडलेलं, ते तर नवंच नुकसान.

संस्थेत सध्या वीज वाचवण्याचे हुकूम आहेत. दिवे निम्मे, एअर कंडिशनर बंद, त्यात यंत्रांवरच्या चाचण्यांच्या पाळ्या बदलल्या. सत्यजितच्या प्रयोगशाळेतही तेच, घरी दोघेही उशिरा पोचतो. पुन्हा तिकडे जाणं अजून जमलेलं नाही. जमलं की बघेन.

काकूंना नमस्कार. उकाडा फार आहे.

विभा

*

पुणे, १६ जुलै २०११

चि. विभास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि काकूला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “पोरगी तिथे हादऱ्यात जगते आहे आणि तुम्ही इथून तिची परीक्षा घेताय. लाज नाही वाटत?” वाटली.

तू म्हणतेस ते बरोबर आहे. मी ज्या देशात काम केलं तिथे जमीन हलत नाही. तिथे कललेलं घर पुढची दोनशे वर्षं तसंच उभं राहतं. तुमच्याकडे त्याला उद्याची खात्री नाही. पुस्तकी माणसासारखं मी चार खुणा सांगितल्या आणि तुला कामाला लावलं. ते सगळं मी मागे घेतो. तू प्रत्यक्ष पाहिलं आहेस. तुझा शब्द मला पुरे आहे.

एकच वाईट वाटलं. तुझं पत्र कचेरीतून आल्यासारखं होतं. खाली ‘तुमची’ही नव्हतं. रागावली असशील तर तसं लिही, दोन शिव्या घाल, पण एवढी सभ्य होऊ नकोस.

शेखरकाका

*

त्सुकुबा, ८ ऑगस्ट २०११

ती. शेखरकाका,
सा. न.

तुमचं पत्र येऊन बरेच दिवस झाले. पुन्हा उशीर केला, त्याबद्दल आणि त्याहून वाईट गोष्टीबद्दल लिहिते आहे.

‘पुन्हा जाणं अजून जमलेलं नाही’ असं मी तुम्हाला लिहिलं. ते खोटं होतं. ते पत्र लिहिण्याच्या आदल्या दिवशीच मी तिथे जाऊन आले होते. शनिवार होता, कोणी नव्हतं. लाल कागद मीच लावायला सांगितलेला, म्हणून मला कोण अडवणार, अशा थाटात आत गेले. खुंट्यांच्या कडेला ताजं लाकूड कुठेही नव्हतं. वरच्या मजल्यावर एका भिंतीत केसाएवढे तडे होते, ते धुराड्याच्या बाजूला, बाकी कुठे फट नाही. खिडकीच्या चौकटी तिरक्याच घडवलेल्या, आणि त्या तळहाताएवढ्या काचांपैकी एकही फुटलेली नाही. दाराच्या तासलेल्या कडेवर रंगाचे इतके थर होते की नखाने खरवडून संपेनात. ओट्याखाली पाचर होती. तिचा रंग मी सांगायला नको.

हे सगळं मी मार्चमध्येही पाहिलं होतं, काका. डोळ्यांना दिसलं होतं. पण मी उरायासुहून आले होते आणि कल म्हणजे भूकंप असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. ओळंब्याचा आकडा मिळाला आणि मी पुढचं बघणं थांबवलं. हेही कारण झालं. आणि कारणं मला फार चांगली देता येतात, हे माझ्या मागच्या पत्रात तुम्ही पाहिलंच.

मग खोटं का लिहिलं? तुम्हाला खरं सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी काहीतरी करावं लागलं असतं. ‘अजून गेले नाही’ म्हटलं की अजून काही कळलेलं नाही, असं स्वतःलाही म्हणता येत होतं. तुमचं मागे घेतल्याचं पत्र आलं तेव्हा मला पहिल्यांदा हलकं वाटलं. ते पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं, की बरोबर असलेल्या माणसाने माझी क्षमा मागितली आहे आणि मी ती घेऊन बसले आहे. काकूंना सांगा, लाज तुम्हाला वाटायला नको होती.

तरीही मी लगेच उठले नाही. ओनोसान सहज म्हणाले, की डोंगरापाशी तो इंग्रजी पब पाडायचा ठरला, तेव्हा उठले. नगरपालिका भूकंपात निकामी झालेली घरं स्वतःच्या खर्चाने पाडून देते, पण अर्ज मुदतीत करावा लागतो. होशिनोसानच्या मुलाने आईच्या मागे लागून अर्जावर तिचा शिक्का घेतला, इथे सहीच्या जागी शिक्का लागतो. अर्जाला जोडलेला दाखला माझा. ओबोनचे, म्हणजे पितरांचे दिवस संपले की ठेकेदार येणार.

मी ओनोसानना सगळं सांगितलं. त्यांनी माझा दाखला फायलीतून काढून पुढे ठेवला. मग म्हणाले, “विभासान, ‘पुढील पाहणीत नवी माहिती उपलब्ध झाली’ असा पुरवणी अहवाल देता येईल. त्यात कोणाची चूक असल्याचा प्रश्न येत नाही.” चांगला माणूस आहे. माझ्याच भल्याचं बोलत होते. मी तो अहवाल लिहायला घेतला आणि तो अर्ध्या तासात झाला. इतका सुरेख झाला की वाचणाऱ्याला वाटावं, ओळंबा आपला आपण गेला होता आणि आपला आपण परत आला.

तो पिशवीत घालून काल होशिनोसानकडे गेले. त्या पबच्या अंगणात केर काढत होत्या. आत जायला बंदी, म्हणून रोज बाहेरचं झाडतात. मला पाहिल्यावर झाडू भिंतीला लावला, कमरेत वाकल्या आणि गुरुजींना म्हणतात तसं मला म्हणाल्या, “सेन्सेई, आमच्यामुळे तुम्हाला एवढ्या उन्हात त्रास.” शेतकऱ्याच्या पडवीत बसवून थंड चहा दिला. मी विचारलं, “ते दार पूर्वीपासून तसंच आहे ना?”

“इथे बसवलं तेव्हापासून. माझ्या पलंगाच्या दोन पायांखाली ठोकळे आहेत. आमचे हे म्हणायचे, तिकीट न काढता बोटीत झोपायला मिळतंय.”

“मग मी आले तेव्हा तुम्ही सांगितलं का नाही?”

“तुम्ही विचारलं नाहीत.” त्या रागाने बोलत नव्हत्या, आठवून सांगत होत्या. “तुम्ही दोरी सोडलीत, माप घेतलंत आणि मला आकडा दाखवलात. त्या दिवसांत, अणुभट्टीच्या अपघातानंतर, टीव्हीवर ज्याला त्याला विचारायचे, पाणी प्यायचं का, भाजी खायची का, आणि जो तो म्हणायचा, आत्ताच सांगता येत नाही. ठामपणे बोलणाऱ्या तुम्ही एकट्या भेटलात. मला खरं तर बरं वाटलं.”

“पण तुम्हाला माहीत होतं.”

“माहीत होतं. तुम्ही गेल्यावर वाटायला लागलं, की कदाचित आणखी थोडं कललं असेल. रोज इथे उभी राहून बघायचे. रोज कालच्यापेक्षा जास्त दिसायचं. पुढे मुलगा म्हणाला, आई, शिक्का मार, तर मला नाही म्हणायला तोंड राहिलं नाही. एवढी वर्षं मी त्या घरात झोपले, आणि आता ते कसं उभं आहे ते मला सांगता येत नाही.”

काका, पब पडला असता तर मी एक इमारत घालवली असती. पण त्याच्याही आधी दुसरं एक घडून गेलं होतं. मी त्या बाईंच्या डोळ्यांवरचा त्यांचा स्वतःचा विश्वास काढून घेतला होता आणि तेवढ्यावर समाधानाने घरी येऊन तुम्हाला उपयोगी पडल्याचं लिहिलं होतं.

मी म्हटलं, “ते पूर्वी जेवढं होतं तेवढंच आहे. माझं माप बरोबर होतं, पण मत चुकलं. धुराड्याची बाजू सोडली तर घर राहण्याजोगं आहे. म्हणजे, मला तसं वाटतं.”

“बघा,” त्या म्हणाल्या, “आता तुम्हालाही वाटायला लागलं.” आणि हसल्या.

मग मी पिशवीतून अहवाल काढून दिला. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचला. “नवी माहिती कुठली?” त्यांनी विचारलं. “हे तर सगळं जुनंच आहे.” घडी घालून त्यांनी तो परत माझ्यापुढे ठेवला, दोन्ही हातांनी, अगदी नीट. मी विचारलं, “तुम्हाला घर ठेवायचं आहे ना? तसं असेल तर मी...”

“ते आत्ता विचारू नका. ठेवायचं म्हटलं की तुम्हाला बरं वाटेल, म्हणून मी हो म्हणेन. तुम्ही आधी जे बोललात ते परत घ्या. जिथे दाखला दिलात तिथेच, नगरपालिकेत. माझ्यासमोर. मग मी पुन्हा एकदा इथे उभी राहून बघेन. ठेवायचं की नाही, ते मला दिसेल त्यावरून ठरेल.”

“नगरपालिकेत लेखी दिलं तरी चालतं,” मी म्हटलं. हे वाक्य माझ्या तोंडून कसं गेलं, ते रात्रभर आठवत राहिलं.

“त्यांना चालत असेल,” होशिनोसान म्हणाल्या आणि चहाचे पेले उचलायला लागल्या.

शेवटी मी हो म्हटलं, आणि त्या उद्या नगरपालिकेत येणार आहेत. शेतकरी आपल्या छोट्या ट्रकमधून त्यांना आणून सोडणार आहे. मुलालाही त्यांनी कळवलं आहे. तो चिडला आहे, अर्ज मागे घेतला आणि मुदत टळली तर पुढे पाडायचा खर्च त्याच्यावर येईल, आणि त्याचं चुकीचं काही नाही. ओनोसाननी ‘ठीक आहे’ म्हटलं, आणि ते त्यांना कितपत ठीक वाटून म्हटलं, हे मला कळलेलं नाही. होशिनोसान शेवटी काय ठरवतील तेही माहीत नाही. त्यांनी पाडायचंच ठरवलं तर ते मला ऐकून घ्यावं लागेल, आणि तेव्हा लाकडाच्या सांध्यांवर भाषण द्यायचं नाही हे मी स्वतःला आत्ताच बजावते आहे.

तुम्ही दोन शिव्या मागितल्या होत्यात. घालायला माझ्याकडे काही नाही. तुम्हीच घाला, पण सभ्य होऊ नका.

तुमची,
विभा

ता. क. रोजनिशीत रोज शेवटी करते तसं इथेही लिहून ठेवते, म्हणजे तुम्हालाही माहीत राहील. उद्या: नगरपालिकेच्या खिडकीपाशी होशिनोसानसमोर ‘मी चुकले’ एवढंच म्हणायचं, आणि पुढे एकही कारण जोडायचं नाही.